टर्बो पेट्रोल : चढ, ऑइल आणि पुराचे पाणी

टर्बो पेट्रोल गाड्यांविषयी आलेल्या पत्रांत या वेळी सातारा आणि सांगली जिल्ह्यांतली पत्रे सर्वांत जास्त आहेत. गाडीचा रंग किंवा सनरूफ यांबद्दल कुणी विचारलेले नाही. सगळ्यांना एकच काळजी आहे : हे छोटे इंजिन एवढी ताकद देते खरे, पण ते टिकेल का? टर्बो म्हणजे एका दांड्यावरचे दोन पंखे : एक इंजिनाच्या धुराने फिरतो, दुसरा त्या जोरावर इंजिनात जास्त हवा कोंबतो. नीट सांभाळले तर टिकते. सांभाळायचे म्हणजे नेमके काय करायचे, ते प्रत्येकाच्या वापरानुसार खाली दिले आहे. सारखी पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : दोन गाड्या पाहिल्या आहेत. दोन्हींत १ लिटरचे टर्बो इंजिन, पण एक १०० पीएसची आणि दुसरी १२० पीएसची. आमचे जाणे-येणे वाई-पाचगणी-महाबळेश्वर असे असते, गाडीत पाच माणसे. जास्त पीएसची घ्यावी का? — एक वाचक, वाई

पीएसचा, म्हणजे कमाल ताकदीचा, आकडा इंजिन ५००० ते ६००० आरपीएमला (मिनिटाला फेऱ्या) पळत असताना मिळतो. पसरणी घाटाच्या वळणावर कुणीही तिथवर गाडी नेत नाही. तुम्हाला बघायचा आहे तो टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर (तो एनएममध्ये मोजतात), आणि त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे तो टॉर्क कितव्या आरपीएमपासून मिळतो.

एक सोपा हिशोब आहे. टॉर्कला आरपीएमने गुणा आणि ७०२४ ने भागा, म्हणजे त्या क्षणी इंजिन किती पीएस देते ते कळते. ह्युंदाई-कियाचे ९९८ सीसी टी-जीडीआय इंजिन १५०० ते ४००० आरपीएमपर्यंत १७२ एनएम देते. म्हणजे १५०० ला जवळपास ३७ पीएस आणि ४००० ला ९८ पीएस. जाहिरातीतले १२० मिळतात ते ६००० ला. निसान मॅग्नाइट आणि रेनो कायगर यांच्या ९९९ सीसी इंजिनाचा मॅन्युअल गिअरच्या गाडीतला टॉर्क १६० एनएम, पण तो २८०० ते ३६०० या पट्ट्यात. आकड्यांत फरक फक्त १२ एनएमचा. घाटात मात्र तो बराच मोठा वाटतो.

तो असा. वळणावर तुम्ही २० च्या वेगापर्यंत खाली येता. दुसऱ्या गिअरमध्ये बहुतेक लहान गाड्यांचे इंजिन तेव्हा १३०० ते १५०० आरपीएमला असते. पहिल्या प्रकारचे इंजिन तिथूनच ओढू लागते. दुसऱ्याला क्षणभर दम लागतो, आणि गाडी भरलेली असेल तर पहिला गिअर टाकावा लागतो. कायगर-मॅग्नाइटच घ्यायची असेल तर सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) चालवून बघा. तिथे टॉर्क १५२ एनएम असला तरी २२०० पासून मिळतो आणि गिअरबॉक्स इंजिनाला त्या पट्ट्यात धरून ठेवतो. स्कोडा-फोक्सवॅगनच्या १.० टीएसआयचे १७८ एनएम १७५० पासून, नेक्सॉनच्या १.२ रेव्होट्रॉनचे १७० एनएम १७५० पासून, तर महिंद्राच्या १.२ लिटरचे २०० एनएम १५०० पासून मिळतात. पाच माणसे आणि रोजचा घाट असेल तर आमचे मत स्पष्ट आहे : १.२ लिटरकडे झुका. जादा दोनशे सीसीने टर्बो जागा होण्याआधीची ओढ सुधारते.

उंचीचा मुद्दा टर्बोच्या बाजूचा आहे. महाबळेश्वर सुमारे १३५० मीटरवर आहे आणि तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा साधारण १५ टक्के कमी असतो. साधे पेट्रोल इंजिन तेवढी ताकद गमावते. टर्बो जास्त वेगाने फिरून ती तूट भरून काढतो. अर्थात त्यासाठी त्याला जास्त राबावे लागते, म्हणून वर गेल्यावर ओढ यायला किंचित उशीर लागल्यासारखा वाटतो. तो बिघाड नव्हे.

उतारावर मात्र जपा. १ लिटरच्या गाडीत इंजिन ब्रेकिंग, म्हणजे एक्सिलेटर सोडल्यावर इंजिनाने गाडीला धरून ठेवणे, १.५ लिटरच्या मानाने कमी असते. पाचगणीहून वाईकडे उतरताना दुसऱ्या गिअरमध्येच राहा, ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल मोड लावा. नाहीतर सगळा भार ब्रेकवर पडतो आणि तळाशी पोचेपर्यंत ब्रेक जळाल्याचा वास येतो.

प्रश्न : घर विश्रामबागला, शाळा गणपती पेठेजवळ. रोज तीन-चार किलोमीटर जाणे, तेवढेच येणे. गाडी १४ महिन्यांची, ६२०० किमी झाली. पुस्तिकेत १०,००० किमी किंवा १ वर्ष लिहिले आहे, म्हणून थांबले. परवा डिपस्टिक पाहिली तर ऑइल वरच्या खुणेच्याही वर होते आणि पेट्रोलसारखा वास येत होता. ऑइल वाढते कसे? — एक शिक्षिका, सांगली

ऑइल वाढलेले नाही, त्यात पेट्रोल उतरले आहे. पुढच्या महिन्याची वाट न पाहता या आठवड्यात ऑइल आणि फिल्टर बदलून घ्या.

थंड इंजिनाला जास्त पेट्रोल लागते. तीन-चार किलोमीटरमध्ये रेडिएटरचे पाणी जेमतेम तापते, ऑइल तर तापतच नाही. सिलिंडरच्या भिंतीवर चिकटलेले पेट्रोल रिंगांच्या बाजूने खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑइल साठते तिथे, उतरते. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या, म्हणजे डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनात हे जास्त होते. ऑइल चांगले तापले की हे पेट्रोल उडून जाते आणि इंजिन ते परत जाळून टाकते. तुमच्या गाडीला ती संधीच मिळत नाही. पावसाळ्यात यात पाण्याची भर पडते. ऑइलचे झाकण उघडल्यावर आत सायीसारखा पिवळट थर दिसला तर तो हाच.

पेट्रोल मिसळलेले ऑइल पातळ होते. साध्या इंजिनाने ते काही काळ सहन केले असते. टर्बोचा दांडा मिनिटाला दीड-दोन लाख फेऱ्या घेतो, आणि तो बॉल बेअरिंगवर नव्हे, बहुतेक गाड्यांत ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो. तो थर फाटला की धातूवर धातू घासतो.

पुस्तिकेतले "जे आधी येईल ते" हे शब्द तुमच्यासाठीच आहेत. वर्ष झाले की किलोमीटर कितीही असोत, ऑइल बदलायचे. तुमच्या वापरात आम्ही तर ६ महिने किंवा ५००० किमी सांगू. अशा इंजिनांत साधारण साडेतीन ते चार लिटर ऑइल मावते. वर्षातून एक जादा बदल म्हणजे काही हजारांचा खर्च, आणि टर्बोची किंमत त्याच्या कितीतरी पट.

शिवाय आठवड्यातून एकदा गाडी तासगाव किंवा इस्लामपूरच्या रस्त्याला अर्धा तास सलग चालवा. अर्धा तास जागेवर चालू ठेवून हे साधत नाही, उलट पेट्रोल वाढते.

ऑइल मोजायची पद्धतही बरोबर हवी : गाडी सपाट जागी, इंजिन गरम करून बंद केलेले, मग पाच-दहा मिनिटे थांबायचे. काडी काढून पुसायची, पूर्ण आत घालायची आणि मग बघायचे. रात्रभर उभ्या गाडीचे माप थोडे जास्त दाखवते. महिन्यातून एकदा एवढे केले तर अर्धे बिघाड आधीच कळतात.

प्रश्न : कोणते ऑइल घालावे? ओळखीचे फिटर म्हणतात की आपल्याकडे ऊन फार, २०डब्ल्यू-५० सारखे जाड घाला. — कराड आणि फलटण येथील वाचक

नको. तुमच्या पुस्तिकेत ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३० असे जे लिहिले असेल तेच. जाड ऑइल सकाळच्या पहिल्या स्टार्टला टर्बोपर्यंत उशिरा पोचते आणि झीज त्या काही सेकंदांतच होते.

डब्यावर ग्रेडइतकीच दुसरी अक्षरे महत्त्वाची आहेत : एपीआय एसपी, म्हणजे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचा एसपी दर्जा. हे मानक मे २०२० पासून आले आणि त्यात टर्बो इंजिनांचा एक खास रोग तपासला जातो. कमी आरपीएमवर एक्सिलेटर जोरात दाबला की सिलिंडरमधला ऑइल-पेट्रोलचा एखादा थेंब किंवा काजळीचा कण स्पार्कच्या आधीच पेट घेतो. धाडकन एक-दोन ठोके ऐकू येतात. नेहमीच्या नॉकिंगसारखा हा खडखडाट सलग नसतो, पण त्या एका ठोक्यात पिस्टनच्या रिंगांमधली कड तुटू शकते. ऑइलमध्ये कॅल्शियमची डिटर्जंट (इंजिन स्वच्छ ठेवणारी रसायने) जास्त असली की हे वाढते. म्हणून एसपी दर्जाच्या ऑइलमध्ये त्याचा काही भाग मॅग्नेशियमने बदललेला असतो. जुन्या एसएम-एसएन दर्जाचा स्वस्त डबा घेऊन पैसे वाचत नाहीत. फोक्सवॅगन-स्कोडा असेल तर एपीआयबरोबर कंपनीचा स्वतःचा मानक क्रमांकही डब्यावर असलाच पाहिजे.

आणि चालवण्याची एक सवय बदला. हायवेला उसाच्या ट्रॉलीमागे ४० च्या वेगाने जाताना चौथा-पाचवा गिअर तसाच ठेवून ओव्हरटेकसाठी एक्सिलेटर तळापर्यंत दाबायचा, हे टर्बो पेट्रोलला सर्वांत घातक. आधी तिसरा टाका, आरपीएम २५०० च्या वर न्या, मग दाबा. इंजिनाचा आवाज वाढला म्हणून त्याला त्रास होतो असे नाही. गुदमरल्यासारखा दबका आवाज येतो तेव्हा त्रास होत असतो.

प्रश्न : गाडी ७८,००० किमी. निळा धूर आणि सीटीसारखा आवाज येऊ लागला म्हणून गॅरेजमध्ये टर्बो बदलला. ८००० किमीत तोही गेला. गॅरेजवाले म्हणतात पार्टच खराब होता, पार्ट देणारा म्हणतो बसवायला चुकले. खरे काय? — एक वाचक, इस्लामपूर

दोघांनीही पहिला टर्बो का गेला हे पाहिलेले नाही. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असा हा प्रकार झाला. टर्बो आपणहून क्वचितच मरतो. बहुतेक वेळा त्याला इंजिन मारते. तिसरा टर्बो घेण्याआधी दुसरा उघडून वाचा, कारण तो कसा मेला ते त्याच्या अंगावर लिहिलेले असते.

दांडा निळसर-काळा पडला असेल तर ऑइल पोचले नाही. दांड्यावर बारीक गोल चरे असतील तर ऑइल आले, पण घाण आले. हवेच्या बाजूच्या पंख्याच्या कडा खरडल्यासारख्या झिजल्या असतील तर एअर फिल्टरच्या डब्याची फट धूळ आत सोडते आहे. धुराच्या बाजूचा पंखा तुटला असेल तर इंजिनातून काहीतरी आले : प्लगचा तुकडा किंवा व्हॉल्व्हचा कण. पंखा हाताने वर-खाली हलवल्यावर किंचित सैल लागतो. ते चालते, कारण तो ऑइलवर तरंगायला बनवलेला आहे. पण आत-बाहेर हललेला जाणवला किंवा पंखा भिंतीला टेकला तर तो संपला.

पंखे आणि दांडा चांगले दिसत असूनही धूर येत असेल तर टर्बो निर्दोष आहे. टर्बोतून ऑइल खाली परत जाते ते फक्त उताराने, दाबाने नाही. ते परतीचे नळकांडे तुंबले, किंवा पीसीव्ही व्हॉल्व्ह (चेंबरमधले वायू बाहेर सोडणारी झडप) अडकून चेंबरमध्ये दाब वाढला, की ऑइलला खाली वाट मिळत नाही आणि ते सीलमधून सायलेन्सरकडे जाते. असा चांगला टर्बो फेकून दिला जातो आणि नव्यातूनही तोच धूर येतो.

आता बसवण्याचा क्रम सांगतो. तुमच्या फिटरबरोबर उभे राहून करून घ्या.

आधी सम्प (इंजिनाखालचा ऑइलचा डबा) खाली काढून ऑइल ओढणारी जाळी बघा. काळा गाळ दिसला तर तिथेच पहिल्या टर्बोचे कारण सापडले. टर्बोला ऑइल नेणारी बारीक नळी धुऊन परत लावू नका, नवी घ्या. आत साचलेला कोळसा वायर फिरवून निघत नाही, अर्धवट निघाला तर सुटलेला तुकडा नव्या बेअरिंगमध्येच जाऊन बसतो. नळीच्या बोल्टचे तांब्याचे वॉशर नवे. ऑइलच्या जोडांवर सिलिकॉन लावू देऊ नका; दाबल्यावर आत आलेला त्याचा शेंबूड छिद्र बंद करतो. तुमच्या गाडीच्या बाबतीत आमचा पहिला संशय याच दोन गोष्टींवर आहे, कारण ८००० किमी हे अर्धवट उपाशी टर्बोचे आयुष्य असते.

मग इंटरकूलर (टर्बोने दाबलेली गरम हवा थंड करणारी जाळी) आणि हवेचे सगळे पाइप काढून आतले ऑइल सॉल्व्हंटने धुवा आणि पूर्ण वाळवा. मेलेल्या टर्बोचे धातूचे कण तिथे बसलेले असतात.

टर्बो जागेवर आला की ऑइलच्या तोंडातून १०-२० मिली स्वच्छ ऑइल ओता आणि पंखा हाताने फिरवा. नळी जोडा. फ्युएल पंपाचा फ्यूज काढा आणि ऑइल प्रेशरचा दिवा विझेपर्यंत दहा-दहा सेकंद स्टार्टर मारा, मध्ये थोडे थांबत. दिवा विझला की फ्यूज लावून गाडी चालू करा आणि दोन-तीन मिनिटे एक्सिलेटरला हात न लावता आयडलवर ठेवा. चालू करताच "आवाज बघूया" म्हणून रेस करणे म्हणजे कोरड्या बेअरिंगवर लाखभर फेऱ्या. ऑइल आणि फिल्टर अर्थात नवेच, आणि १००० किमीला पुन्हा एकदा बदला.

फिल्टर विश्वासू मेकचा घ्या. चांगल्या फिल्टरमध्ये ऑइल परत खाली जाऊ न देणारा रबरी पडदा असतो. नकली फिल्टरमध्ये तो नसतो किंवा कडक असतो, आणि मग रोज सकाळी टर्बो काही क्षण कोरडा फिरतो.

प्रश्न : गाडी थांबवल्यावर दोन मिनिटे चालू ठेवावी का? — मेढा, कोरेगाव, विटा येथील वाचक

गावात फिरून आलात तर गरज नाही. शेवटचा किलोमीटर सावकाश चालवलात तेवढ्याने टर्बो थंड होतो. यवतेश्वरचा घाट चढून लगेच चहाला थांबलात किंवा हायवेला तास-दीड तास ११० ने येऊन थेट पंपावर उभे राहिलात, तर ३० ते ६० सेकंद आयडल पुरे. त्या वेळी धुराच्या बाजूचे कवच कित्येकशे अंशांवर असते, आणि इंजिन बंद करताच ऑइल वाहायचे थांबते, म्हणून बेअरिंगमध्ये अडकलेले ऑइल करपते. बऱ्याच नव्या गाड्यांत टर्बोभोवती पाणी फिरते आणि बंद केल्यावरही पंप किंवा पंखा चालू राहतो. तो आवाज आला म्हणून बॅटरीचे टर्मिनल काढू नका.

प्रश्न : जतहून रोज कच्च्या रस्त्याने १२ किमी जावे लागते. गाडीचा दम कमी झाला आहे, इंजिनाचा दिवा लागला, स्कॅनरवर पी०२९९ आले. टर्बो गेला का? — एक द्राक्ष बागायतदार, जत तालुका

पी०२९९ चा अर्थ एवढाच की हवा पाहिजे तेवढ्या दाबाने येत नाही. टर्बो गेला असे तो कोड सांगत नाही. स्वस्तातल्या कारणांपासून सुरू करा.

एअर फिल्टर काढून उजेडाकडे धरा. नंतर टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत आणि तिथून इंजिनापर्यंतचे रबरी पाइप बोटांनी चाचपा. खडबडीत रस्त्याने क्लॅम्प ढिले होतात आणि पाइप किंचित निसटतो. निसटलेल्या जागी धुळीने माखलेले ओले ऑइल दिसते आणि चढावर फुस्स असा आवाज येतो. पाइपमध्ये ऑइलचा हलका ओलावा नेहमीच असतो, त्याला घाबरू नका. वाटीभर साचलेले निघाले तर मात्र टर्बोकडे बघायचे. हे सगळे ठीक असेल तर वेस्टगेटची (जादा धूर टर्बोच्या पंख्याला वळसा घालून सोडणाऱ्या झडपेची) दांडी हाताने हलते का आणि त्याचे कनेक्शन घट्ट आहे का ते तपासा. गरमी आणि धूळ यांनी ती दांडी अडकते. हे सगळे करून कोड परत आला, तरच टर्बो खोलायचा.

फिल्टर हवेने उडवून साफ करताना झोत आतून बाहेर मारा. दोनदा साफ केला की तिसऱ्यांदा नवा. कागदाला टाचणीएवढे भोक पडले तरी जतची धूळ त्यातून जाते आणि पंख्याच्या कडा कानशीसारखी खाते. डब्याची झाकणक्लिप एक जरी तुटली असेल तरी बदला. ती काही रुपयांची क्लिप टर्बो वाचवते.

प्रश्न : ई२० पेट्रोलने ॲव्हरेज कमी झाले. टर्बोला काही धोका आहे का? सीएनजी किट लावले तर परवडेल का? — पळूस आणि उंब्रज येथील वाचक

ई२० म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा लिटरमागे सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. त्यामुळे शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत ई२० मध्ये ६ ते ७ टक्के, आणि आधीच्या ई१० च्या तुलनेत साडेतीन टक्क्यांच्या आसपास ऊर्जा कमी. त्याहून खूप जास्त घट असेल तर कारण दुसरीकडे शोधा : टायरची हवा, प्लग, एअर फिल्टर.

टर्बो इंजिनाला इथेनॉलचा एक फायदाही आहे. त्याचा ऑक्टेन जास्त आणि ते बाष्प होताना सिलिंडर थंड करते, म्हणून नॉकिंग कमी होते. धोका आहे तो रबराला. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांचे रबर-प्लास्टिक ई२० साठी बनवलेले आहे आणि एप्रिल २०२५ पासूनच्या गाड्यांचे ट्यूनिंगही. त्याआधीची गाडी असेल तर सर्व्हिसला पेट्रोलच्या नळ्या, ओ-रिंग यांना ओल किंवा भेगा आहेत का ते मुद्दाम बघायला सांगा. पावसाळ्यात गाडी दोन-तीन महिने उभी राहणार असेल तर टाकी पाव भरलेली सोडू नका. इथेनॉल हवेतली ओल शोषते.

सीएनजीचे उत्तर इंजिनावर ठरते. टाटाने सप्टेंबर २०२४ मध्ये नेक्सॉनचे टर्बो सीएनजी मॉडेल आणले. त्याची ताकद १०० पीएस आहे, पेट्रोलची १२०. तिथे इंजेक्शन मॅनिफोल्डमध्ये आहे आणि ट्यूनिंग कंपनीचे आहे, म्हणून ते चालते. डायरेक्ट इंजेक्शनच्या गाडीत बाहेरून किट बसवू नका. त्या इंजिनात इंजेक्टरचे टोक ज्वाळेतच असते आणि वाहते पेट्रोलच त्याला थंड ठेवते. सीएनजीवर पेट्रोल बंद, टोक भाजते. वाचलेले पैसे नव्या इंजेक्टरमध्ये जातात.

प्रश्न : २०१९ आणि २०२१ च्या पुरात आमच्या गल्लीत पाणी आले होते. तेव्हा डिझेल गाडी होती, आता टर्बो पेट्रोल आहे. पाण्यातून काढताना बंद पडली तर काय करावे? — एक वाचक, सांगली

पुन्हा स्टार्टर मारायचा नाही. नुकसान बहुतेक वेळा बंद पडल्याने होत नाही, त्यानंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या स्टार्टला होते. सिलिंडरमध्ये गेलेले पाणी दाबले जात नाही, त्यामुळे कनेक्टिंग रॉड (पिस्टनला जोडलेला दांडा) वाकतो. टर्बो गाडीत इंटरकूलर बऱ्याचदा बंपरमागे खालीच असतो. त्याचा एखादा पाइप ढिला असेल तर एअर फिल्टर कोरडा असूनही पाणी आत जाते. म्हणून फक्त फिल्टर बघून "आत गेले नाही" असे समजू नका.

गाडी ढकलून किंवा टो करून उंचावर न्या. बॅटरीची मायनस वायर काढा. ऑइलची काडी बघा. दुधी रंग दिसला तर ते सगळे ऑइल काढून टाकायचे. एअर फिल्टर, इंटरकूलरचा खालचा पाइप आणि सगळे प्लग काढा, मग प्लगशिवाय इंजिन हाताने पाना लावून दोन फेऱ्या फिरवा. अडकले नाही तर बॅटरीची वायर परत जोडा आणि फ्युएल पंपाचा फ्यूज काढून स्टार्टर मारा. पाणी प्लगच्या भोकांतून उडेल. ऑइल, फिल्टर आणि शक्यतो प्लग नवे घालूनच चालू करा.

जूनच्या आधी विम्याची पॉलिसी उघडून बघा. साध्या पॉलिसीत पाणी जाऊन वाकलेला रॉड बहुधा धरत नाहीत. इंजिन प्रोटेक्ट ही जोड वेगळी घ्यावी लागते. आणि त्यातही भिजलेली गाडी मुद्दाम परत स्टार्ट केल्याचे दिसले तर क्लेम अडतो.

प्रश्न : २०१४ ची इकोस्पोर्ट, १ लिटर इकोबूस्ट, स्वस्तात मिळते आहे. गाडी दणकट वाटते. घ्यावी का? — एक वाचक, फलटण

इंजिन चालवायला फार छान आहे, ९९९ सीसीमध्ये १२५ पीएस आणि १७० एनएम. पण त्याचा टायमिंग बेल्ट ऑइलमध्ये बुडून चालतो. ऑइल चुकीच्या मानकाचे घातले किंवा उशिरा बदलले की बेल्टचे रबर फुगते, त्याचे कण सुटतात आणि ऑइलच्या जाळीत साचतात. मग बेल्ट तुटायच्या आधीच ऑइलचा दाब पडतो, आणि सर्वांत आधी टर्बो जातो. टीएसआयचाही बेल्टच आहे, पण तो कोरडा. ह्युंदाईच्या १ लिटर टर्बोला आणि मारुतीच्या बूस्टरजेटला चेन आहे.

बेल्टला दहा वर्षे ही मर्यादा धरा. ही गाडी ती ओलांडून गेली आहे. बेल्ट बदलल्याची पावती मागा, आणि ऑइलच्या प्रत्येक बदलाची पावतीही, ज्यावर पुस्तिकेतला फोर्डचा मानक क्रमांक दिसला पाहिजे. फोर्डने २०२१ मध्ये भारतातले उत्पादन थांबवण्याचे जाहीर केले, त्यामुळे पार्ट मिळतील का आणि कोण बसवेल, हे व्यवहाराआधी विचारून ठेवा.

गाडी बघायला सकाळी जा आणि ती तुमच्यासमोरच पहिल्यांदा चालू करायला सांगा. बोनेटला आधी हात लावा. गरम लागला तर दुसऱ्या दिवशी या. रेडिएटरच्या पाण्याच्या बाटलीतली पातळी बघा. चार मिनिटे आयडलला ठेवून मग एक्सिलेटर दाबा आणि मागे कुणाला तरी उभे करा. निळा भपका आला तर टर्बोचे किंवा व्हॉल्व्हचे सील गेले. शेवटी सम्प उघडून जाळी बघू द्यायला मालक तयार आहे का ते विचारा. नाही म्हणाला, किंवा पावत्या नाहीत म्हणाला, तर बेल्ट, ऑइल पंपाचा पट्टा आणि सम्पच्या कामाचा खर्च आधी गॅरेजकडून लिहून घ्या आणि तो किमतीतून वजा करूनच बोला.